होळीची पोळी आणि पेट्रोलची बाटली : जमावातल्या आगीचा एक लांबलेला इतिहास

फाल्गुन पौर्णिमेच्या संध्याकाळी पिंपळे सौदागरमध्ये कोकणे चौकाच्या आसपास फेरफटका मारला, तर जवळजवळ प्रत्येक गृहसंकुलाच्या आवारात एक होळी रचलेली दिसते. मधोमध एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या आणि लाकडे, त्याभोवती रांगोळी. पूजा होते, नारळ पडतो, पुरणपोळीचा नैवेद्य ज्वाळांत जातो, मुले बोंब मारतात. तासाभराने वडीलधारी मंडळी जेवायला वर जातात आणि त्यानंतर काही ठिकाणी होळीचा दुसरा अंक सुरू होतो. ज्वाळा खाली बसलेल्या असतात. कोणीतरी दुचाकीच्या टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढून आणतो, कोणी धावत येऊन आगीवरून उडी घेतो, कोणी मोबाइल आडवा धरून उभा राहतो. डिसेंबरअखेर हाच अंक पवना धरणाच्या काठी, तंबूंच्या रांगांमध्ये, शेकोटीभोवती पुन्हा रंगतो.

‘हल्लीच्या मुलांचे वेड’ एवढे म्हणून हा विषय संपवता येतो. मात्र चार माणसे जमली की आगीशी खेळण्याची ऊर्मी मोबाइलहून फार जुनी आहे. निरनिराळ्या समाजांनी तिला कसे हाताळले आणि ते कोठे चुकले, याचा इतिहास उद्बोधक आहे, आणि त्याची सुरुवात मराठी कागदपत्रांतूनच करता येते.

मराठेशाहीतील वतनाचे कागद वाचणाऱ्याला एक गोष्ट आरंभी गमतीची वाटते. पाटीलकीचे वतन दोन भावांत किंवा दोन घराण्यांत वाटले गेले, की वाटणीपत्रात जमिनीबरोबर मानपानाचीही यादी येते. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, दसऱ्याला आपट्याचे पूजन कोणी आधी करायचे, आणि होळीची पोळी कोणाची पहिली. ‘होळीची पोळी’ म्हणजे पेटत्या होळीत पहिला नैवेद्य टाकण्याचा मान. या पोळीवरून भाऊबंदांचे तंटे होत, ते गोतसभेपुढे आणि सरकारदरबारी जात, साक्षी-पुरावे होत, निवाडे लिहिले जात. एका पुरणपोळीसाठी एवढा व्याप! आजच्या वाचकाला यात केवळ पोकळ प्रतिष्ठा दिसते आणि ती होतीही. जातीची आणि वतनाची उतरंड त्या पोळीत पुरेपूर भरलेली होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

तरीही या मानाची एक दुसरी बाजू आहे. ज्याचा मान, त्याच्या डोळ्यांदेखत होळी पेटणार. ती गावाने ठरवलेल्या जागी पेटणार, ठरलेल्या तिथीला पेटणार. दुसऱ्या दिवशी त्याच निखाऱ्यांवर धुळवडीच्या आंघोळीचे पाणी तापवण्याची चाल अनेक गावांत होती, म्हणजे आग विझेपर्यंत तिच्याकडे कोणाचे तरी लक्ष असणार. थोडक्यात, गावच्या आगीला धनी होता. तो अन्यायी असेल, गर्विष्ठ असेल. पण आग नेमकी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित नव्हता. संकुलातल्या होळीच्या दुसऱ्या अंकात नेमके हेच हरवलेले असते. पूजेच्या आगीला समिती असते, वर्गणी असते, पावती असते. रात्री दहानंतर त्याच निखाऱ्यांचा धनी कोण, हे विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहतात.

शोभेच्या दारूचा प्रवास याहून वेगळा. सोळाव्या शतकात तिचा उल्लेख मराठी काव्यात येऊ लागतो. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त (१५७१) लग्नाच्या वर्णनात दारूकाम आहे, ही नोंद भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना आवर्जून केली. गोडे यांनी पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंगही पुढे आणला. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगतात : तिथे नगराबाहेर ‘दारूची लंका’ उभारतात, त्यात रावण, राक्षस, वानर, आणि एक मोठा हनुमान, शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि लंकेतली घरे एकेक करून पेटवतो. तरुण पेशव्याला ते पाहण्याची इच्छा झाली आणि महादजींनी पर्वतीपाशी अंधाऱ्या रात्री तशीच लंका रचून घेतली. महादजी १७९२ मध्ये पुण्यात आले आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले, म्हणजे हा प्रसंग त्या दीड-दोन वर्षांतला असला पाहिजे. बखर हे साधन जपून वापरावे लागते, तिला भपका प्रिय असतो. पण लंकेची मांडणी पाहण्याजोगी आहे. जळणारे नगर खोटे, उडणारा वीर पुतळ्याचा, पेटवणारे आपला धंदा जाणणारे कारागीर, आणि पाहायला जमलेले शहर मोकळ्या जागेत, वाड्यांच्या दाटीपासून दूर. आगीचा सर्वांत धोकादायक भाग माणसाच्या अंगावर न घेता बाहुल्यावर सोपवलेला होता.

तोच भाग माणसाने स्वतःच्या अंगावर घेतला तर काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला मात्र युरोपातला आहे. २८ जानेवारी १३९३. स्थळ पॅरिस, राजवाडा ओतेल सँ-पोल. प्रसंग राणी इझाबोच्या एका सखीच्या पुनर्विवाहाचा. विधवेचे लग्न असले की धिंगाणा, सोंगे, भांडी बडवणे आणि अचकट-विचकट ओरडणे हा फ्रान्समधला त्या काळचा रिवाज. आपल्या शिमग्याला जवळचा. राजा सहावा चार्ल्स तेव्हा २४ वर्षांचा होता. आदल्या ऑगस्टमध्ये त्याला वेडाचा पहिला झटका येऊन गेला होता आणि त्याचे मन रमवावे असा वैद्याचा सल्ला होता. दरबारी मंडळींनी मन रमवण्याची जी युक्ती काढली, ती अशी : राजा आणि पाच सरदारांनी रानटी माणसांची सोंगे घ्यायची. अंगावर तागाचे कापड शिवून घट्ट बसवायचे, त्यावर डांबर-राळ चोपडायची आणि त्या चिकटपणावर अळशीचे तंतू केसांसारखे चिकटवायचे. डोक्यापासून पायांपर्यंत. पाच जण एकमेकांना साखळीने बांधलेले, राजा तेवढा मोकळा.

धोका कोणालाच कळला नाही, असे मात्र नव्हते. इतिवृत्तकार फ्रॉइसार्त सांगतो की सोंग घेणाऱ्यांपैकीच एकाने मशालींची शंका काढली होती, आणि त्यावरून राजाने हुकूम सोडला : मशालवाल्यांनी भिंतीलगत थांबावे, नाचणाऱ्यांजवळ कोणीही दिवा आणू नये. नियम झाला, तो पाळलाही गेला. मग उशिरा आला राजाचा भाऊ, ऑर्लेआंचा ड्यूक लुई. हुकूम त्याच्या कानावर गेलेला नव्हता. ही सोंगे कोणाची आहेत, हे ओळखण्यासाठी तो मशाल घेऊन जवळ वाकला.

पुढचे काही क्षणांत घडले. ठिणगी पडली, राळ पेटली आणि साखळीमुळे एकाची आग पाचांची झाली. एक सरदार तिथेच गेला, आणखी तिघे दोन-तीन दिवस तळमळून मेले. हा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो उगे द गिझे शेवटी गेला. वाचले दोघे. नांतुईये नावाच्या सरदाराने साखळी तोडून भांडी धुण्याच्या पाण्याच्या मोठ्या पिंपात उडी घेतली. राजा वाचला तो बेरीच्या तरुण डचेसमुळे. तो घोळक्यापासून वेगळा होऊन तिच्याशी थट्टा करीत उभा होता. तिने आपल्या झग्याचा घोळ त्याच्यावर टाकून त्याला झाकून घेतले. पॅरिसमध्ये एवढा क्षोभ झाला की राजाला मिरवणुकीने नोत्र-दाम कॅथेड्रलला जावे लागले, आणि त्याचे काका व भाऊ अनवाणी मागून चालले. ऑर्लेआंच्या ड्यूकने प्रायश्चित्त म्हणून एका मठात प्रार्थनामंदिर बांधून दिले. इतिहासात ही रात्र ‘बाल देझार्दां’, म्हणजे जळत्या माणसांचा नाच, या नावाने राहिली.

या कथेत अडाणी कोणी नाही, हे विशेष. साहित्य कोणते आहे ते ठाऊक होते, धोका ओळखला होता, बंदीही घातली होती. फक्त बंदी घातली तेव्हा हजर नसलेला एक माणूस उत्साहाने जवळ आला. ज्याने कोणतीही मोठी पार्टी पाहिली आहे, त्याला हा उशिरा आलेला पाहुणा अनोळखी नाही.

इथे राळेपासून पेट्रोलकडे यावे लागते, कारण मधल्या सहा शतकांत इंधन बदलले आणि त्याचा स्वभावही. काही दशकांपूर्वीपर्यंत मराठी घरात हाताशी असलेले ज्वालाग्राही द्रव्य म्हणजे रॉकेल. ते काही निरुपद्रवी नव्हते. स्टोव्हच्या भडक्यांनी किती घरे शोकात बुडाली हे त्या पिढीला माहीत आहे. पण रॉकेल साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय पेट घेण्याजोगी वाफ पुरेशी सोडत नाही. म्हणूनच शेगडीवर बेताने रॉकेल शिंपडण्याची जुनी सवय अनेकदा निभावून गेली. पेट्रोलची तशी वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही तयार असते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे वर न उडता जमिनीलगत पसरते आणि चार-सहा हातांवरच्या निखाऱ्यापर्यंत न दिसता पोहोचते. ओतणाऱ्याला वाटते की आपण ज्वाळेपासून लांब आहोत. प्रत्यक्षात तो वाफेत उभा असतो. भडका उडाला की आग ओतलेल्या धारेवरून उलट बाटलीत शिरते, माणूस दचकून बाटली फेकतो, आणि ती बहुधा समोरच्या घोळक्यात पडते. पेट्रोल ओतणारा एक, भाजणारा दुसराच, हा क्रम इथून येतो.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले सॅनिटायझर हे या यादीतले नवे नाव. त्यातल्या अल्कोहोलची ज्योत फिकट निळी, उजेडात जवळजवळ अदृश्य; विझले म्हणून पुन्हा ओतले जाते. अंगावरचे कापडही आता पॅरिसच्या सोंगांच्या जवळ गेले आहे. सुती कापड जळते, ते वाईटच. पण खेळाचे टी-शर्ट आणि थंडीची जाकिटे ज्या पॉलिएस्टरची असतात ते सुमारे २५० अंशांना वितळते आणि वितळून कातडीला चिकटते. होळीवरून उडी मारणाऱ्या आजोबांच्या गोष्टी घरोघरी ऐकवल्या जातात. त्यात आजोबा धोतरात होते, होळी गोवऱ्यांची होती आणि ज्वाळा बसलेल्या होत्या, हा तपशील सांगायचा राहून जातो.

अंगावर आग घेण्याची परंपरा मराठी-कोंकणी मुलखात नाही, असेही नाही. गोव्यात केपे तालुक्यातल्या मळकर्णे गावी शिगम्याच्या सुमारास ‘शेणी उजो’ होतो : शेणी म्हणजे गोवऱ्या, उजो म्हणजे आग. जळत्या गोवऱ्यांच्या ठिणग्यांचा वर्षाव उघड्या अंगावर घेत माणसे धावतात. डिचोली तालुक्यातल्या शिरगावला लईराईच्या जत्रेत धोंड मंडळी होमकुंडाच्या निखाऱ्यांतून चालतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे ‘स्टंट’च वाटतील. पण यात उतरणारा माणूस काही दिवस आधीपासून व्रतस्थ असतो, उपवास धरतो, सोवळे पाळतो. शिरगावचा होम रात्री पेटतो आणि त्यातून चालण्याची वेळ तो निखाऱ्यांवर आल्यावरच येते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी या नियमांचा परिणाम व्यावहारिक आहे. मद्य प्यायलेला, पूर्वतयारी नसलेला, मित्रांनी डिवचलेला माणूस आगीपर्यंत पोहोचतच नाही. मे २०२५ मध्ये शिरगावच्या जत्रेत भाविकांचे बळी गेले, ते चेंगराचेंगरीत. आगीला नियम होते, गर्दीला पुरेसे नव्हते.

म्हणून परंपरा म्हणजे सुरक्षितता, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळमधील पुट्टिंगल मंदिराच्या उत्सवात शंभराहून अधिक माणसे मेली. दारूकामाची परंपरा तिथेही जुनी, कारागीरही पिढीजात. पण त्या रात्री दोन गटांत आतषबाजीची चढाओढ लागली होती. प्रशासनाने स्पर्धेला परवानगी नाकारली होती, तरीही ती झाली, आणि साठवलेल्या दारूवर ठिणगी पडली. परंपरेत ईर्षा शिरली की तिचे कुंपण मोडते, मग ती मंदिरातली असो वा दोन संकुलांतल्या ‘कोणाची होळी उंच’ या प्रश्नातली.

छताखालच्या समारंभात हीच गोष्ट अधिक क्रूर होते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जण गेले. त्यांत वाढदिवस साजरा करायला आलेली मंडळी होती. अग्निशमन दलाच्या अहवालाने बोट ठेवले ते हुक्क्याच्या कोळशातून उडालेल्या निखाऱ्यांवर आणि ज्यावर ते पडले त्या पडद्यांवर. म्हणजे फुंकर घालून फुलवलेला शोभेचा निखारा आणि वाऱ्यावर हलणारे कापड, एवढेच साहित्य. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे येथील एका नाइटक्लबमध्ये २५ जणांचा मृत्यू झाला. कार्यक्रम सुरू असताना आत उडवलेल्या शोभेच्या दारूमुळे आग लागल्याचे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. मृतांत नाचणाऱ्या-पाहणाऱ्यांपेक्षा स्वयंपाकघरात आणि इतरत्र राबणारे कर्मचारी कितीतरी अधिक होते. पर्वतीच्या लंकेत मोकळे आकाश आणि अंतर हेच संरक्षण होते. तीच दारू छताखाली आणली की अंतर शून्यावर येते आणि बाहेर पडण्याची वाट सर्वांत आधी त्यांची बंद होते, जे तमाशा पाहायला आलेलेच नसतात.

पिंपळे सौदागरच्या वाचकासाठी या इतिहासाचे सर्वांत जवळचे पान त्याच्याच महापालिकेच्या हद्दीत आहे. वाढदिवसाच्या केकवर लावतात ती कारंज्यासारख्या ठिणग्या उडवणारी मेणबत्ती आता शेकोटीच्या पार्टीतही अनिवार्य झाली आहे. ती हातात धरून नाचतात, एकमेकांच्या तोंडासमोर नेतात, कोणी दातांत धरून फोटो काढतो. तिच्या पोटात भरलेली असते ती दारूच. पेशव्यांच्या आतषबाजांना तिची जात चटकन ओळखू आली असती. अशा मेणबत्त्या बनवणारा एक कारखाना तळवड्यात होता. ८ डिसेंबर २०२३ ला, नाताळ आणि नववर्षाच्या मागणीच्या ऐन दिवसांत, तिथे भडका उडाला. सहा कामगार महिला त्याच दिवशी गेल्या आणि पुढच्या दिवसांत रुग्णालयांतून आणखी मृत्यूंच्या बातम्या येत राहिल्या. त्या बायका कोणताही खेळ खेळत नव्हत्या. रोजंदारीवर बसून, दुसऱ्यांच्या पार्ट्यांतल्या ठिणग्या खोक्यांत भरत होत्या.

पॅरिसच्या डचेसला जे सुचले ते आजही शिकवले जाते : पेटलेल्या माणसाला पळू न देता जाड कापडात गुंडाळणे, जमिनीवर लोळवणे. नांतुईयेला सुचले तेही : पाणी, भरपूर आणि लगेच. आता त्यात एवढीच भर पडली आहे की भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली सलग २० मिनिटे धरावा, बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. पॅरिसच्या त्या महालात पाण्याचे पिंप होते ते केवळ भांडी धुण्याची सोय म्हणून. यंदा संकुलाच्या होळीची वर्गणी गोळा होईल, तेव्हा वाळूच्या चार बादल्या, पाण्याचा एक नळ जोडलेला पाइप आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत खाली थांबणारे एक नाव, हे त्याच कागदावर लिहिता येईल. त्या नावाला हवे तर पहिली पोळी टाकण्याचा मान द्यावा.